आठ तासांची अट

"आठ तास कुणाचं काम करायचं?" आबांनी फोनवर विचारलं.

"कुणाचंही. पण घरच्यांचं नाही आणि पैसे घेऊन नाही."

"आणि नाही केलं तर?"

"तर शिष्यवृत्ती जाते."

पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मागं कुठंतरी म्हैस ओरडली. मग आबा म्हणाले, "मग कर की. आम्ही तर रोज केलं."

आबा १९६३ ते ६७ साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली काढलेलं, 'कमवा आणि शिका'चं कॉलेज. सकाळी शेतात काम, मग तास, संध्याकाळी पुन्हा काम. ते सांगताना आबांचा आवाज नेहमी थोडा चढतो. त्यामुळं नातीला अमेरिकेत शिकायचं तर आठ तास राबावं लागणार हे ऐकून त्यांना नवल वाटलं नाही, उलट बरंच वाटलं असावं.

आम्ही मूळचे कोरेगाव तालुक्यातले. आत्यानं बाबांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज २००४च्या सुरुवातीला भरला, तेव्हा मी जन्मलेही नव्हते. नंबर लागायला चौदा वर्षं गेली. २०१८च्या उन्हाळ्यात आम्ही चौघं अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात आलो. मी आठवी करून आले होते, मराठी माध्यमातून. साताऱ्यात एमआयडीसीतल्या कंपनीत स्टोअर्स सांभाळणारे बाबा इथं अल्कोआ गावात एका गोदामात लागले. आई शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. चार वर्षांनी मी हायस्कूल संपवलं तेव्हा घरात शिक्षणासाठी बाजूला टाकलेले पैसे जवळजवळ नव्हतेच.

तेव्हा कामाला आली ती 'टेनेसी प्रॉमिस' ही योजना. गव्हर्नर बिल हॅसलम यांच्या काळात २०१४ साली तिचा कायदा झाला. राज्यातल्या हायस्कूलमधून बाहेर पडणाऱ्या मुलांना कम्युनिटी कॉलेजची, म्हणजे विद्यापीठाआधीच्या सरकारी कॉलेजची, दोन वर्षं फीविना शिकता यावीत, हा तिचा हेतू. इथं ती इतकी मुरलीय की 'तू प्रॉमिस करतेयस का?' असं मुलं सहज विचारतात. पहिली तुकडी कॉलेजात जायच्या आधीच, ९ जानेवारी २०१५ला, ओबामा नॉक्सव्हिलच्या पेलिसिपी स्टेट कम्युनिटी कॉलेजात आले आणि देशभर असं काही करावं असा प्रस्ताव त्यांनी तिथून मांडला.

अर्ज करणं अवघड नाही, तारखा पाळणं अवघड आहे. बारावीच्या वर्षात १ नोव्हेंबरच्या आत नाव नोंदवायचं. मग 'फाफ्सा' हा केंद्र सरकारचा आर्थिक मदतीचा अर्ज भरायचा, त्यात आईबाबांच्या उत्पन्नाची सगळी माहिती. मग एक सक्तीची बैठक. आणि कॉलेज सुरू होण्याआधी, १ जुलैच्या आत, आठ तास समाजसेवा करून ती नोंदवायची. पुढं प्रत्येक सत्राला पुन्हा आठ तास. शिवाय पूर्णवेळ शिकायचं, म्हणजे सत्राला किमान १२ क्रेडिट, आणि गुणांची सरासरी ४ पैकी २.० च्या खाली जाऊ द्यायची नाही. एक तारीख चुकली की योजनेतून बाहेर. मला एक मेंटर मिळाले होते, निवृत्त पोस्टमन. स्वतःहून हे काम करणारी अशी माणसं प्रत्येक मुलाला जोडून देतात. ते दर महिन्याला मेसेज करायचे आणि प्रत्येक मेसेजच्या शेवटी पुढची तारीख असायची. त्यांच्यामुळं मी एकही तारीख चुकवली नाही.

या योजनेला 'शेवटचा डॉलर' म्हणतात, ते मला फार उशिरा कळलं. आधी पेल ग्रँट लागते, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना केंद्राकडून मिळणारे पैसे. मग राज्याची लॉटरीतून येणारी शिष्यवृत्ती, मिळत असेल तर. एवढं वजा करून फीतलं जे उरेल तेवढंच प्रॉमिस भरतं. पुस्तकं, पेट्रोल, जेवण त्यात नाही. मला अर्धीमुर्धी पेल मिळायची, त्यामुळं प्रॉमिसचे थोडे पैसे माझ्या नावावर दिसायचे. पण ज्यांच्या घरची परिस्थिती सगळ्यात वाईट, त्यांची फी पेलमध्येच भागते. त्यांच्या खात्यावर प्रॉमिसची रक्कम शून्य असते.

माझी एक मैत्रीण अशीच होती. डोंगराकडच्या एका छोट्या गावातली. रात्री पॅकिंगचं काम करायची, सकाळी कॉलेज. प्रॉमिसमधून तिला एक डॉलरही येत नव्हता, तरी आठ तास तिलाही करायचेच होते. पुढच्या वर्षी पेल कमी झाली तर आधार असावा म्हणून ती योजना सोडत नव्हती. कॉलेजात येण्याआधीच्या उन्हाळ्यात तिची गाडी बंद पडली. त्यांच्या गावात बस नाही. शेवटी चालत जाता येईल अशा अंतरावरच्या वाचनालयानं तिला दोन शनिवार पुस्तकं लावायला बोलावलं आणि मुदत संपायच्या दोन दिवस आधी तिचे तास भरले. हे तिनं मला सहज सांगितलं, तक्रार म्हणून नाही. पण मी ते विसरले नाही. घरी गाडी असलेल्या मुलाचे आठ तास आणि तिचे आठ तास कागदावर सारखेच दिसतात. ते सारखे नाहीत.

माझे पहिले आठ तास शेजारच्या मेरीव्हिल गावातल्या सेकंड हार्वेस्ट फूड बँकेत, म्हणजे गरजूंसाठी अन्न गोळा करणाऱ्या संस्थेत, गेले. चार-चार तासांचे दोन दिवस. लोकांनी दिलेले डबे निवडायचे. तारीख पाहायची, डबा फुगलाय का पाहायचं, शिवणीवर पोचा पडला असेल तर बाजूला टाकायचा. काम सोपं होतं, माणसं चांगली होती. मी घरी आले, योजनेच्या पोर्टलवर आठचा आकडा टाकला आणि विसरून गेले. पुढच्या सत्रात टेनेसी नदीच्या काठावरचा कचरा गोळा केला. त्यानंतरच्या सत्रात चर्चच्या जेवणघरात ताटं वाढली. दरवेळी तेच, काम केलं, सही घेतली, आकडा टाकला. या कामांना मी कमी लेखत नाही. ती कुणीतरी करायलाच हवीत. पण तिथं माझ्या जागी दुसरं कुणीही चाललं असतं आणि त्यातून मी काय घेऊन आले असं कुणी विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं. कुणी विचारलंही नाही.

२०२४च्या वसंत सत्रात मी अकाउंटिंगचा दुसरा कोर्स घेतला. पहिल्याच दिवशी बाईंनी सांगितलं की या वर्गात 'सर्व्हिस लर्निंग' आहे. म्हणजे सेवा हा अभ्यासक्रमाचाच भाग, त्यावर लिहायचं आणि त्याला गुण. पंधरा तास 'व्हीटा'मध्ये बसायचं. व्हीटा म्हणजे आयआरएसचा, इथल्या आयकर खात्याचा कार्यक्रम. कमी उत्पन्नाच्या लोकांचे कराचे कागद स्वयंसेवक फुकट भरून देतात.

मला घरचं आठवलं. पहिल्या वर्षी बाबांनी एका दुकानात जाऊन ३२० डॉलर देऊन रिटर्न भरलं होतं. एकाच नोकरीचा पगार, त्याचा एकच दाखला म्हणजे डब्ल्यू-२ फॉर्म, अर्ध्या तासाचं काम. बाबांना मी व्हीटाचं सांगितलं तर ते म्हणाले, "फुकट करतात म्हणजे नीट करत असतील का?" हाच प्रश्न पुढं मी तिथं बसलेल्या कितीतरी लोकांच्या चेहऱ्यावर पाहिला.

नीट करावं म्हणून जे काही आहे ते मी स्वतः अनुभवलं. आधी वागणुकीच्या नियमांची परीक्षा द्यावी लागते. माहिती गुप्त ठेवायची, पैसे घ्यायचे नाहीत, देणगीची पेटीसुद्धा टेबलावर ठेवायची नाही. मग लोकांकडून माहिती कशी विचारायची याची परीक्षा. मग कराच्या कायद्याची. पास व्हायला ८० टक्के लागतात. मी पहिल्यांदा ७६ला अडकले. दुसऱ्यांदा बसायच्या आधी आईच्या जेवणाच्या टेबलावर तीन रात्री पुस्तक घेऊन बसले होते. आणि एवढं करूनही एकट्यानं भरलेलं रिटर्न पाठवता येत नाही. दुसऱ्या स्वयंसेवकानं ते सगळं पुन्हा तपासायचं, कर भरणाऱ्या माणसाला समोर बसवून.

आमचं केंद्र एका सामाजिक सभागृहात होतं. लांब टेबलं, सहा लॅपटॉप, एक प्रिंटर, आणि भिंतीला लागून खुर्च्या. फेब्रुवारीच्या शेवटी तिथं सगळ्यात जास्त गर्दी असते. कमी पगारावर काम करणाऱ्यांसाठी १९७५पासून करात एक सवलत आहे, अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट. कर लागत नसला तरी तिचे पैसे हातात मिळतात. ती घेणाऱ्यांचे परतीचे पैसे कायद्यानं फेब्रुवारीच्या मध्याआधी सोडता येत नाहीत. काहीजण त्या पैशांवर भाडं, गाडीची दुरुस्ती, दाताचं काम असं सगळं ठरवून बसलेले असतात.

तिसऱ्या शनिवारी माझ्यासमोर एक बाई आल्या. त्यांच्याबद्दल काही तपशील मी बदलून लिहितेय, कारण शब्द दिलाय. साठीच्या जवळच्या असतील. पर्यटकांच्या मोटेलमध्ये खोल्या साफ करायच्या. वर्षाचा पगार १९ हजार डॉलरच्या आसपास. एका प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद घडी करून आणलेले. सुरुवातीचा फॉर्म त्यांनी भरला होता, पण 'गेल्या वर्षी तुमच्यासोबत कोण राहत होतं' हा रकाना मोकळा होता.

प्रशिक्षणात एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. रकाना मोकळा दिसला तरी तोंडी विचारायचं. मी विचारलं, "घरात आणखी कोण असतं?"

"कुणी नाही. मी आणि पोरं."

"कुणाची पोरं?"

"माझ्या मुलीची. मी त्यांची मॅमॉ."

इकडे डोंगराळ भागात आजीला मॅमॉ म्हणतात. मुलं दोन होती, एक सहा वर्षांचं आणि एक नऊ. २०२२च्या मार्चपासून या आजीकडे. मुलगी कुठं होती हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. टेनेसीच्या या भागात नशेच्या गोळ्यांनी किती घरं मोडली हे इथं राहणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. नातवंडं वाढवणाऱ्या आज्या आमच्या रस्त्यावरच दोन आहेत.

"मग फॉर्मवर नाव का नाही लिहिलं?"

"माझ्याकडे कोर्टाचे कागद नाहीत ना."

तिला वाटत होतं की ताबा कायद्यानं तिच्याकडे नाही, म्हणून मुलं 'तिची' नाहीत. मी आमच्या केंद्राच्या प्रमुख बाईंना हाक मारली, कारण मला उत्तर माहीत होतं पण माझा माझ्यावर विश्वास नव्हता. या सवलतीसाठी नातवंड चालतं. वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस ते तुमच्याकडे राहिलेलं हवं. कोर्टाच्या कागदाची अट नाही. शाळेच्या नोंदीत तिचाच पत्ता होता. मुलांची सोशल सिक्युरिटी कार्डं तिच्या पर्समध्ये होती, एका जुन्या शुभेच्छापत्राच्या पाकिटात.

मी नावं घातली आणि पडद्यावरचा आकडा बदलला. दोन मुलांसाठी २०२३ची त्या सवलतीची सगळ्यात मोठी रक्कम ६,६०४ डॉलर. तिला ती पूर्ण बसत होती. वर मुलांसाठीच्या दुसऱ्या सवलतीचे जवळजवळ अडीच हजार. मिळून ९ हजारांच्या वर. तिच्या वर्षाच्या पगाराच्या जवळपास निम्मे.

तिनं आकडा पाहिला आणि विचारलं, "हे परत द्यावं लागतं का?"

मी म्हणाले, "नाही." तिनं पुन्हा विचारलं. मग प्रमुख बाईंनी सांगितलं, "नाही, हे तुमचे आहेत." २०२२ सालीही मुलं निम्म्याहून जास्त वर्ष तिच्याकडेच होती आणि ते रिटर्न तीन वर्षांच्या आत दुरुस्त करता येतं. त्यासाठी तिला वेगळी तारीख दिली. जाताना तिनं माझ्या हातात पाच डॉलरची नोट ठेवली. मी परत केली. तिनं ती टेबलावर ठेवली, मी पुन्हा तिच्या पिशवीत टाकली. सोपं नव्हतं ते.

त्या रात्री मी वर्गासाठी निबंध लिहिला. 'लोकांना मदत करून मला खूप समाधान मिळालं' अशी सुरुवात केली होती. दोन पानं. बाईंनी गुण न देता परत केला. खाली एक ओळ लिहिली होती. तुझं समाधान कळलं, पण तो रकाना मोकळा का होता?

मला राग आला होता. मग मी बसले आणि खरंच विचार केला. त्या फॉर्मवर 'अवलंबून असणारे' असा शब्द आहे. मी आठवीतून इथं आले तेव्हा माझ्यासाठी असे शब्द भिंतीसारखे होते. पण ही बाई जन्मापासून इंग्रजी बोलणारी. तिच्यासाठीही तो शब्द कोर्टाचाच होता. ज्या मुलांना ती रोज शाळेत सोडते, ज्यांचे डबे भरते, त्यांच्यासाठी सरकारचा शब्द तिच्या जिभेवरचा नव्हता. आणि दुकानात पैसे देऊन मागचं रिटर्न भरलं तेव्हा तिला कुणी तोंडी विचारलंच नव्हतं. वर्गात आम्ही जे शिकतो ते आकडा आल्यावरचं असतं. कोणत्या खात्यात टाकायचा, कसा जुळवायचा. आकडा येण्याआधी कुणीतरी कुणाला तरी प्रश्न विचारलेला असतो, किंवा विचारलेला नसतो. हे मी लिहिलं. या वेळी बाईंनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला, नाव न घेता.

मग आम्ही आठजणांनी मिळून त्या केंद्रासाठी एक पान तयार केलं. सोप्या इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. 'तुमच्या घरात कोण जेवतं आणि झोपतं?' असं त्यावर पहिलंच वाक्य होतं. खुर्च्यांवर वाट पाहणाऱ्यांच्या हातात ते द्यायचो. वर्गाचे पंधरा तास संपल्यावरही मी १५ एप्रिलपर्यंत जात राहिले, आणि त्यातले आठ प्रॉमिससाठी नोंदवले. पोर्टलवरचा आकडा फूड बँकेच्या वेळी होता तोच. आठ.

मला कुणी विचारलं की शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलांवर सेवेची सक्ती असावी का, तर मी हो म्हणते. सक्ती नसती तर मी त्या सभागृहात कधीच गेले नसते. बाबांची मुलगी म्हणून मला तेव्हा फक्त नोकरीचे तास दिसत होते. पण सक्ती करणाऱ्यानंही काही करायला हवं. तास मोजून थांबायचं असेल तर त्या तासांत मुलं डबे निवडतील आणि घरी जातील. मुलगी जे शिकतेय त्याच्याशी ते काम जोडून द्या. नर्सिंगच्या मुलांना रक्तदाबाच्या शिबिरात बसवा, वेल्डिंगच्या मुलांना कुणाच्या दारातली मोडकी पायरी दुरुस्त करू द्या. नंतर त्यांच्याकडून लिहून घ्या आणि वरवरचं लिहिलं तर परत पाठवा. आणि जी रात्रपाळी करून येते, जिच्या खात्यावर शून्य पडतंय, तिच्यासाठी ते काम कॉलेजच्या आवारात आणा. तिला गाडी शोधायला लावू नका.

आबांशी यावर माझा वाद झाला. ते म्हणाले, "आम्ही राबलो ते आमच्या फीसाठी. पोटासाठी. तुम्ही दुसऱ्यासाठी करताय, त्यात आणि परीक्षा कसली?" मी म्हणाले, "आबा, तुम्ही शेतात काम केलं, तिथं कुणी विचारलं का, काय शिकलात?" ते म्हणाले, "विचारायचे की. संध्याकाळी बसवून घ्यायचे. पाण्याची पाळी कुणी चुकवली, का चुकवली, सगळं." हे त्यांनी मला आधी कधीच सांगितलं नव्हतं. मी त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं आणि लिहून घेतलं.

मी आता विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे. माझी ती मैत्रीण अजून कॉलेजातच आहे, एक सत्र सोडावं लागलं तिला.

आबांना त्या आजीची गोष्ट सांगितल्यापासून ते दर रविवारी एकच विचारतात, "त्या म्हातारीचे पैसे आले का गं?" मी त्यांना सांगितलंय की ते आम्हाला दिसत नाही. रिटर्न स्वीकारलं गेल्याचा शेरा दिसतो, तो दुसऱ्या दिवशी आला होता. पैसे आले की नाही ते फक्त तिलाच पाहता येतं. आबा म्हणतात, "बरं." आणि पुढच्या रविवारी पुन्हा विचारतात.